फाइलचे गाव

आपल्या घरातील बहुतेक फोटोंना नाव नसते, नंबर असतो. नाव असते ते फोटो ज्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत त्या फोल्डरला. या साध्या गोष्टीकडे लक्ष न दिल्यामुळे घराघरांतील कितीतरी आठवणी बेवारस होत आहेत, म्हणून आज जरा रुक्ष वाटणारा विषय घेतो आहे. संगणकात फाइल ज्या वाटेवर ठेवलेली असते त्या वाटेतून फोल्डरचे नाव कसे काढायचे आणि ते फाइलच्या नावात कसे घालायचे, असा हा विषय आहे. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाने यात का पडावे, ते पुढे कळेलच.

आधी हे नंबर कुठून येतात ते पाहू. १९९८ साली जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने डिजिटल कॅमेऱ्यांसाठी एक नियमावली केली. तिला डीसीएफ म्हणतात. कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचे एक फोल्डर, त्याच्या आत १०० ते ९९९ या आकड्यांनी सुरू होणारी फोल्डरे, आणि फाइलच्या नावात चार अक्षरे व पुढे ०००१ ते ९९९९ यांपैकी एक आकडा. म्हणून आपल्याला आयएमजी_००४१ किंवा डीएससी_०२१२ अशी नावे दिसतात. ९९९९ झाले की मोजणी पुन्हा ०००१ पासून. आवाज टिपणाऱ्या छोट्या रेकॉर्डरांचेही तसेच. दर वेळी कार्ड रिकामे केले की आरईसी००१ पासून सुरुवात. यंत्राला इतकेच कळते की ही तिसरी फाइल आहे. ती कुणाची, कुठली, कशासाठी, हे त्याला ठाऊक नसते.

ते ठाऊक असते माणसाला, आणि माणूस ते फोल्डरवर लिहितो. ‘२०११ रायरेश्वर सहल’, ‘खालाच्या मुलीचा निकाह’, ‘अब्बांचे शेवटचे फोटो’. सगळा अर्थ फोल्डरवर आणि फाइलवर फक्त क्रमांक, अशी ही विभागणी असते. फाइल आपल्या जागी आहे तोवर काही बिघडत नाही. कुणीतरी ती उचलून दुसरीकडे नेली की नंबर सोबत जातो आणि अर्थ मागे राहतो.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो हिर्डोशीहून. भोरहून महाडच्या रस्त्याने वरंधा घाटाकडे निघाले की नीरा-देवघर धरणाचे पाणी बराच वेळ सोबत चालते. त्याच वाटेवर हे गाव आहे. शिवकाळात या खोऱ्याला हिरडस मावळ म्हणत. माझे एक शिक्षक मित्र या भागात बरीच वर्षे नोकरीला होते. दरवर्षी ते मुलांना एक गृहपाठ देत: घरातील सर्वांत वयस्कर माणसाला बोलते करा. मुलांनी सांगावे आणि सरांनी रेकॉर्डर घेऊन त्या घरी जावे, असा प्रघात पडला. आज्यांच्या ओव्या, भातलावणीच्या गोष्टी, धरणात जमीन गेली त्या वर्षांच्या आठवणी, पत्र्याच्या पेटीतून काढलेल्या जुन्या लग्नफोटोंचे मोबाइलवर घेतलेले फोटो, असे सगळे जमत गेले. एका हार्ड डिस्कवर त्यांनी ते नीट लावून ठेवले होते: आधी वर्ष, त्यात गाव, त्यात घर.

निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या मनात आले की ज्याचे त्याला परत द्यावे. प्रत्येक घराला त्यांच्या माणसांचा आवाज पेन ड्राइव्हवर घालून द्यायचा. एका दुकानात त्यांनी हे काम सांगितले. दुकानदाराने सोयीचे म्हणून सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ओतून दिल्या. मूळ डिस्क शाबूत होती, हे नशीब. त्या एका फोल्डरमध्ये आरईसी००३ होती, तिच्या खाली आरईसी००३ (२), मग (३), असे करत थेट (११) पर्यंत. एकाच नावाच्या फाइली एका ठिकाणी आल्या की संगणक असे आकडे लावतो. त्या अकरा फाइली म्हणजे अकरा बायका होत्या. कोणती कोण, हे ऐकून ओळखू शकेल असा माणूस सापडला तरच कळणार.

त्यांपैकी एक मुलाणी घरातील आजी. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. त्यांची नात पुण्यात नोकरी करते आणि तिला दादीचा आवाज हवा होता. रेकॉर्डिंगमध्ये आजी अर्ध्या मराठीत, अर्ध्या दखनीत बोलतात. घड्याळ नसताना अंगणातल्या सावलीवरून जोहर आणि असरची वेळ कशी ओळखायची ते सांगतात. नातीला ते पाठ होते, पण दादीच्या तोंडून ऐकायचे होते. ओतलेल्या ढिगात ते शोधणे म्हणजे तास न् तास ऐकत बसणे. मूळ डिस्कवर मात्र वाट सरळ होती: २०१३ / हिर्डोशी परिसर / मुलाणी आजी / आरईसी००३.

या ओळीला संगणकाच्या भाषेत ‘पाथ’ म्हणतात, म्हणजे वाट. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तो लहानाकडून मोठ्याकडे जातो: नाव, मु.पो. हिर्डोशी, ता. भोर, जि. पुणे. संगणकाचा पत्ता उलटा, मोठ्याकडून लहानाकडे. दोन नावांच्या मध्ये एक तिरकी रेघ असते. मोबाइलमध्ये आणि लिनक्समध्ये ती उजवीकडे झुकते, विंडोजमध्ये डावीकडे. फोल्डरचे नाव काढण्याची सगळी युक्ती या रेघेत आहे. ओळ प्रत्येक रेघेपाशी तोडायची आणि तुकडे शेवटाकडून मोजायचे. शेवटचा तुकडा फाइल, शेवटून दुसरा तिचे फोल्डर, शेवटून तिसरा त्या फोल्डरचे फोल्डर. पुढून मोजू नये, कारण काही फाइली तीन फोल्डर आत असतात, काही पाच. शेवटून मोजले की चूक होत नाही.

हे एक्सेलमध्येही जमते. विंडोजमध्ये सगळ्या फाइली निवडून, शिफ्ट दाबून उजवी क्लिक केली की ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ हा पर्याय मिळतो. ते एक्सेलमध्ये चिकटवले की एकेका रकान्यात एकेक पूर्ण वाट येते. मग ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ घेऊन तिरक्या रेघेपाशी तोडायचे. नव्या एक्सेलमध्ये ‘टेक्स्टआफ्टर’ आणि ‘टेक्स्टबिफोर’ ही सूत्रे आहेत. त्यांना उणे एक, उणे दोन असा आकडा दिला की ती शेवटाकडून मोजतात. शाळेच्या निकालपत्रकाइतकेच हे काम सोपे आहे. प्रत्यक्ष नावे बदलण्यासाठी आम्ही ‘बल्क रीनेम युटिलिटी’ नावाचा प्रोग्रॅम वापरला. त्यात फोल्डरचे नाव फाइलच्या आधी किंवा नंतर जोडण्याची सोय आहे आणि किती पायऱ्या वर जायचे तेही सांगता येते.

पायऱ्या किती हा प्रश्न महत्त्वाचा निघाला. एक पायरी वर जाऊन ‘मुलाणी आजी – आरईसी००३’ असे नाव केले असते तर काम झाले असे वाटले असते. पण २०१५ च्या फोल्डरमध्ये आणखी एक ‘मुलाणी आजी’ होत्या, दुसऱ्या गावच्या. मुलाणी हे मुळात कामाचे नाव. जत्रेत, सणावाराला बकरे हलाल करण्याचे काम गावगाड्यात या घराकडे असे, म्हणून बऱ्याच गावांत एक मुलाणी घर सापडते. आतार, तांबोळी, मणेर, बागवान यांचेही तेच. अशी आडनावे गावात ओळख पटवायला पुरतात, गावाबाहेर पडल्यावर पुरत नाहीत. म्हणून आम्ही तीन पायऱ्या वर गेलो आणि वर्ष, गाव, घर असे सगळे नावात घेतले. वर्ष सर्वांत आधी ठेवले, म्हणजे यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. क्रमांकाची पुढची शून्ये काढली नाहीत, कारण पुष्कळ प्रोग्रॅम १ नंतर १० आणि मग २ असे लावतात.

काही अडचणी केवळ आपल्या भाषांच्या आहेत. त्या सांगतो, कारण इंग्रजी मार्गदर्शनात त्या सहसा नसतात. विंडोज फाइलच्या नावात तिरकी रेघ चालवून घेत नाही, कारण ती वाटेसाठी राखलेली आहे. म्हणजे ‘७/१२’ नावाची फाइल करता येत नाही. ‘सातबारा’ असे अक्षरांतच लिहावे लागते. १२/६/२०१३ अशी तारीखही चालत नाही. प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखे दिसणारे दोन टिंबांचे चिन्हही नाही.

दुसरी अडचण लांबीची. मोबाइल आणि लिनक्समध्ये फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, उर्दूच्या अक्षराला दोन, देवनागरीला तीन. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘हिर्डोशी’ आपल्याला तीन-चार अक्षरांचे वाटते, पण संगणक त्याचे आठ भाग मोजतो आणि चोवीस बाइट घेतो. म्हणजे देवनागरीत अशा ८५ भागांच्या आत नाव बसवावे लागते. आजीची सगळी कहाणी नावात लिहिण्याचा मोह टाळावा.

तिसरी अडचण शुद्धलेखनाची. मित्राच्या डिस्कवर एका वर्षी ‘हिर्डोशी’ होते आणि दुसऱ्या वर्षी ‘हिरडोशी’. आपण दोन्ही एकच वाचतो, संगणक दोन गावे समजतो. उर्दूत हे आणखी फसवे आहे. तिथे ‘ये’ हे अक्षर अरबी कळफलकाने टंकले तर एक सांकेतिक क्रमांक मिळतो आणि उर्दू कळफलकाने टंकले तर दुसरा. शब्दाच्या मध्ये दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात, पण शोधायला गेले की एक सापडते, एक नाही. उर्दू फोल्डरांची वाट पडद्यावर पाहतानाही गोंधळ होतो. लिपी उजवीकडून चालते, त्यामुळे शेजारी शेजारी दोन उर्दू नावे आली की त्यांचा क्रम दिसायला उलटा होतो. संगणकाच्या पोटात क्रम बरोबर असतो. म्हणून अशा ठिकाणी डोळ्यांनी न मोजता सूत्राला मोजू द्यावे.

आता भाषेच्या शिक्षकाचा यात काय संबंध, ते सांगतो. वर्गात मी नावांची घडण शिकवतो तेव्हा ‘निस्बत’ हा शब्द येतो. निस्बत म्हणजे संबंध, नाते. माणसाच्या नावाला त्याच्या गावाचा संबंध जोडायचा. हदीसचे थोर संकलक इमाम बुखारी यांचे स्वतःचे नाव मुहम्मद, वडिलांचे नाव इस्माईल. जग त्यांना ओळखते ते बुखारा या शहरावरून. इमाम तिर्मिजी तिर्मिजचे. उर्दू शायरीत साहिर लुधियानवी, जिगर मुरादाबादी, मजरूह सुलतानपुरी. मराठीत हेच काम ‘कर’ करतो, आणि कोकणातल्या मुस्लिम घरांतही पारकर, तिसेकर अशी आडनावे त्याच रीतीने आली. एका नावाची माणसे फार झाली की वाटेतला एक तुकडा उचलून नावाला जोडायचा, ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

या युक्तीचा आणखी एक फायदा आहे. फोल्डरचे नाव कधीकधी बदलते. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ साली झाला. भोरला लागूनच असलेला तो तालुका. मित्राच्या डिस्कवर वेल्हे नावाचे फोल्डर होते, ते आता राजगड करायचे का, असा त्यांचा प्रश्न होता. मी म्हटले, फोल्डरचे नाव हवे तर बदला, पण फाइलच्या नावात रेकॉर्डिंग झाले त्या दिवशीचे नाव राहू द्या आणि नवे नाव त्याला जोडा. कारण टेपवरची आजी ‘वेल्ह्याच्या बाजाराला जायचो’ असेच म्हणते. उद्या कुणी नवा माणूस ऐकेल तेव्हा त्याला दोन्ही कळले पाहिजे. सिराज औरंगाबादी अठराव्या शतकातले शायर. त्यांच्या शहराचे नाव आज छत्रपती संभाजीनगर आहे. नकाशावर नवे नाव वाचावे, सरकारी अर्जावर नवे लिहावे. शायराचे नाव मात्र सिराज औरंगाबादीच राहणार, कारण ते शहराचा तेव्हाचा पत्ता सांगते. खुद्द हिर्डोशीचा पत्ताही असाच बदलत आला आहे. एके काळी हिरडस मावळ, पुढे १९४८ पर्यंत भोर संस्थान, आता पुणे जिल्हा. गाव जागेवरच आहे, वरची फोल्डरे बदलत गेली.

नावासोबत गाव जपले तर काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम अनेक वर्षे केले. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांतील बऱ्याच ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे ऑनलाइन संग्रहालय त्या लोकांपुढे आणते आहे. त्यातील ओवी वाचताना सोबत गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका, जिल्हा वाचायला मिळतो. ओव्या तर जात्यावर बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओठावर असत, आणि एकच ओवी दहा गावांत सापडते. पण ही ओवी या गावच्या या बाईने गायली, एवढे लिहून ठेवल्यामुळे त्या गाणाऱ्या बाईला तिचे श्रेय मिळाले. नुसत्या नंबरांवर ठेवली असती तर एक लाख ओव्या राहिल्या असत्या आणि गाणाऱ्या हजारो बायका पुसल्या गेल्या असत्या.

काम करण्याची पद्धतही थोडक्यात लिहितो. मूळ डिस्कला हात लावू नये, तिची प्रत करून त्या प्रतीवर काम करावे. एका रकान्यात जुनी पूर्ण वाट आणि शेजारी नवे नाव अशी यादी करून ती कायम जपून ठेवावी. उद्या शंका आली तर परत जाता येते. नवे नाव दोनदा आले आहे का, ते एक्सेलमध्ये तपासावे. मगच नावे बदलावीत. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवला की समोरच्याच्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये त्याला तारीख आणि डब्ल्यूए असे नवे नाव मिळते, आणि फोटो कधी, कुठे काढला याची आतली नोंदही गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर आपण दिलेले नाव पोहोचते.

हिर्डोशीच्या डिस्कचे काम आता जवळजवळ पूर्ण झाले आहे. नातीला तिच्या दादीची फाइल पोहोचली: २०१३, हिर्डोशी परिसर, मुलाणी आजी, आरईसी००३. तिने ती आपल्या भावंडांना पुढे पाठवली तेव्हाही नाव तेच राहिले. एका जागी मात्र आम्ही अडलो. डिस्कवर ‘नवीन फोल्डर (३)’ नावाचे एक फोल्डर होते आणि त्यात चार रेकॉर्डिंग. कोणतेही सूत्र त्यातून ‘नवीन फोल्डर (३)’ यापेक्षा अधिक काही काढू शकत नाही. ज्या दिवशी नाव लिहायला हवे होते त्या दिवशी कुणी लिहिले नाही, तर ते पुढे यंत्र कुठून आणणार? सरांनी चारही रेकॉर्डिंग ऐकली. दोन आवाज ओळखले. तिसऱ्या बाई धरणात गेलेल्या शेताचा उल्लेख करतात, त्यावरून सरांनी खोऱ्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला आणि त्याच्या आईने ओळखले. चौथी अजून कळलेली नाही. तिच्या फाइलला आम्ही ‘अनोळखी आजी’ असे नाव दिले, सोबत वर्ष ठेवले आणि ‘नवीन फोल्डर (३)’ हेही ठेवले. उद्या कुणी ओळखली तर तेवढा एक शब्द बदलायचा. अंदाजाने कुणाचे तरी नाव लावून मोकळे व्हावे असे आम्हा दोघांनाही वाटले नाही. त्यापेक्षा ‘अनोळखी’ हा शब्द खरा आहे.

तुमच्याही घरी अशी डिस्क, जुना मोबाइल किंवा मेमरी कार्ड असेलच. त्यातही दोन-चार ‘नवीन फोल्डर’ असतील. येत्या ईदला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घर भरलेले असेल तेव्हा लॅपटॉप घेऊन घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा. टंकण्याचे काम मुलांना द्या आणि सांगण्याचे काम नानीला. ती एकेका फोटोपाशी थांबेल, वेळ लागेल. लागू द्या. ती सांगते आहे तोवर फोल्डरची नावे लिहून घ्या. ती फाइलच्या नावात घालायचे काम नंतर कधीही होईल.